डोंगर नॉर्बर्टचा

आमच्या कॉलनीत बैठक भरली की प्रत्येकाने उभं राहून आधी नाव सांगायचं, मग वाळवंटात कधी आलो ते सांगायचं. जो आधी आला तो आधी बोलणार. मला इथे तीन वर्षं झालीत, म्हणजे मी इथली जवळजवळ आदिवासीच. लमार माझ्यामागून आला. नॉर्बर्ट हॅस्केल क्लीव्हलंडहून दोन वर्षांपूर्वी ईस्टरला आला, त्यामुळे त्याची पाळी यायची तोवर कॉफी संपलेली असायची. पण गर्दीची चीड सगळ्यात जास्त त्यालाच.

“लास वेगासचं पार वाटोळं झालंय,” तो म्हणायचा. “पूर्वी असं नव्हतं.”

“पूर्वी म्हणजे कधी रे?” लमार विचारायचा.

“मी आलो तेव्हा.”

नॉर्बर्टचा जीव एका डोंगरात होता. घराच्या मागे मोकळं रान, आणि रानापलीकडे तो डोंगर. तो नीट दिसावा म्हणून त्याने अंगणाची मागची भिंत पाडून लोखंडी गज लावून घेतले होते. संध्याकाळी छातीभर पाण्यात, म्हणजे स्वतःच्या पोहण्याच्या तलावात, उभं राहून तो लाल होणारा डोंगर बघायचा आणि आम्हाला सांगायचा की या शहरात पाणी उरलेलं नाही, लोकांनी यायचं थांबवायला हवं.

मग त्या रानात पाटी लागली. दुमजली घरं, अख्खी ओळ.

आम्ही अर्ज केला, सगळ्यांनी सह्या ठोकल्या. बिल्डरचा माणूस आला, आमचे डोनट खाल्ले, आभार मानले आणि गेला. दुसऱ्या दिवशी बुलडोझर आला.

त्याच आठवड्यात नॉर्बर्टच्या मुलीचा फोन आला. कोरीन. क्लीव्हलंडलाच राहिलेली, नुकता घटस्फोट झालेला, पदरी दोन पोरं. वर्षभर हा बाप तिला रोज संध्याकाळी डोंगराचा फोटो पाठवायचा, खाली लिहायचा, ‘तुमच्याकडे बर्फ कसा आहे?’

“डॅड, एक गंमत सांगू?” ती म्हणाली. “होतं नव्हतं ते सगळं घालून घर घेतलं मी. अगदी तुझ्यामागे. माझ्या गॅलरीतून तुझं स्वयंपाकघर दिसेल.”

नॉर्बर्टने फोन ठेवला आणि आमच्याकडे पाहिलं. आम्हाला वाटलं, संपला लढा.

“मुलगी माझीच आहे,” तो म्हणाला. “पण दुमजली आहे.”

रानातलं कासव दिसलं की इथे कायद्याने बुलडोझर थांबतो, हे नव्या माणसाला सामान उतरवायच्या आत कळतं. रविवारी सकाळी, लोक चर्चमध्ये असताना, माझ्या ट्रकमधून आम्ही तिघं शहराबाहेर गेलो. एका झुडपाखाली कासव मिळालं. चांगलं टोपलीएवढं. नॉर्बर्टने ते दोन्ही हातांनी उचलून छातीशी धरलं, आणि ते त्याच्यावर मुतलं. थोडंथोडकं नाही. शर्ट, पँट, बूट, सगळं चिंब. लमार हसून हसून खाली बसला.

“घाबरलंय बिचारं,” नॉर्बर्ट म्हणाला. “होतं असं.”

कासव ठेवायला त्याने नेमका कोरीनचाच प्लॉट निवडला. मग त्याने वन्यजीव खात्याला फोन केला, नाव न सांगता.

खात्याच्या इनेझबाई दुसऱ्या दिवशी आल्या. प्लॉटवर कासव नव्हतं. माती उकरल्याची एक रेघ होती, ती गजांखालच्या फटीतून सरळ नॉर्बर्टच्या अंगणात गेली होती. तलावाच्या कडेला, त्याच्या आरामखुर्चीखाली, कासवाने बीळ खणलं होतं.

“कुणी उचललं होतं का याला?” बाईंनी विचारलं.

“नाही,” नॉर्बर्ट म्हणाला.

“हो,” लमार म्हणाला. “मुतलंसुद्धा याच्या अंगावर.”

“ते मूत नाही, त्याचं वर्षभराचं पिण्याचं पाणी होतं,” बाई म्हणाल्या. “आता तहानेने मरायला टेकलंय. परत उचललं तर मरेल. इथेच राहू दे. तलाव वापरायचा नाही, अंगणात पाय टाकायचा नाही.”

“किती दिवस?”

“त्याची मर्जी. ही जात माणसाएवढी जगते.”

बाईंनी अंगणाला नारिंगी जाळी लावली, फक्त गजांकडची बाजू मोकळी ठेवली. मागे प्लॉटवर कासव नाही म्हटल्यावर बुलडोझर परत सुरू झाला.

हिवाळाभर कासव बिळात झोपलं आणि कोरीनचं घर वर चढत गेलं. एके दिवशी डोंगराचं शेवटचं टोक तिच्या धुराड्यामागे गेलं. ती पोरांना घेऊन आली तेव्हा नॉर्बर्ट केक घेऊन दारात उभा होता. पण आदल्या दिवशी ती किल्ली घ्यायला आली होती, तेव्हाच लमारने तिला सगळं सांगून टाकलं होतं. गमतीची गोष्ट म्हणून.

“माझ्याच प्लॉटवर, डॅड?”

“मधोमध होता गं तो.”

तिने केक घेतला आणि दार लावलं. बापाच्या बाजूच्या खिडक्यांना त्याच दिवशी पडदे लागले.

नॉर्बर्टला करमेना. डोंगर नाही, तलाव नाही, मुलगी बोलत नाही. कोरीनच्याही पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी, बिल्डर आणखी एक ओळ टाकणार होता. नॉर्बर्टने त्यातलं पहिलं घर नोंदवलं आणि राहतं घर सिॲटलच्या एका नवराबायकोला कासवासकट विकून मोकळा झाला. ते कासवासाठीच हरखले होते.

पुढच्या बैठकीत कोरीन उभी राहिली.

“कोरीन हॅस्केल. परवा-परवाच आलेय. मला वाटतं, पुढची ओळ नको, आता पुरे झाली माणसं. पूर्वी असं नव्हतं.”

टाळ्या पडल्या. नॉर्बर्ट उठला. “अगं, त्या ओळीतलं पहिलं घर माझं आहे.”

“तुमचं घर पुढच्या ओळीत ना?” कोरीनने विचारलं. “मग तुम्ही अजून आलेलाच नाही. बसा खाली.”

बापाला ती पहिल्यांदाच ‘तुम्ही’ म्हणत होती. नियम नियमच, म्हणून आम्हीही त्याला बसवलं.

वसंतात कासव जागं झालं. त्याला घरी जायचं होतं, आणि त्याचं घर डोंगराकडे. ते गजांखालून कोरीनच्या अंगणात आलं. तिने त्याला बोटसुद्धा लावलं नाही. पाण्याची परात पुढे ठेवली आणि मागचं फाटक उघडलं. संध्याकाळपर्यंत ते नॉर्बर्टच्या नव्या प्लॉटवर पोचलं, आणि मधोमध बीळ खणून बसलं. या वेळी इनेझबाईंना फोन कोरीनने केला. नाव सांगून.

ती ओळ रद्द झाली. नॉर्बर्ट क्लीव्हलंडला परत गेला. आमच्यातला एक माणूस कमी झाला, असं लमारने बैठकीत सांगितलं, तेव्हा पुन्हा टाळ्या पडल्या.

कोरीन आता रोज संध्याकाळी गॅलरीत उभी राहून डोंगराचा फोटो काढते आणि बापाला पाठवते. खाली लिहिते, ‘तुमच्याकडे बर्फ कसा आहे?’