तुलनेतलं घर

कल्याणीला प्रकल्पात घेतलं होतं ते गावातल्या बायकांशी बोलण्यासाठी. प्रमुख होता सुहास, वीज अभियंता. डॉक्टर स्वराली फुप्फुसांच्या आजारांची तज्ज्ञ. बेळगुंदीत सौर पट्ट्या आणि बॅटऱ्या बसवायच्या आणि त्या स्वस्त विजेवर बायकांना धुराविना स्वयंपाक करू द्यायचा, असा बेत होता. यंत्रं सुहासनं बघायची, छाती स्वरालीनं तपासायची आणि लोकांच्या घरात शिरायचं ते कल्याणीनं. ती बेळगावच्या कॉलेजात समाजशास्त्र शिकवायची, पण बोलायला गोड होती.

पहिलं दार उघडलं खालच्या गल्लीतल्या मनुबाईनं. तिच्याकडं गॅस होता, पण तो सणासुदीलाच पेटायचा. एरवी काजूच्या फांद्या आणि चूल. वरच्या गल्लीला लगेच विजेच्या शेगड्या आणि खालच्या गल्लीला अभ्यास संपल्यावर, म्हणजे दोन्हींची तुलना करता येईल, असं कल्याणीनं सांगितलं तेव्हा खालच्या गल्लीतल्या बायका उठून निघाल्या होत्या. त्यांना मनुबाईनंच परत बसवलं.

"आज त्यास्नी, उद्या आमास्नी. बाई काय पळून जातीया व्हय?"

त्या दिवसापासून धूर मोजणारं काडेपेटीएवढं यंत्र पदराला टाचून ती चुलीपुढं बसू लागली. कल्याणी आली की चहा दिल्याशिवाय सोडायची नाही.

दुसऱ्या हिवाळ्यात तिचा खोकला छातीत घर करून बसला. अंगणातून आत येईपर्यंत तिला दोनदा टेकावं लागायचं. स्वरालीनं तपासलं आणि बैठकीत विषय काढला.

"मनुबाई झपाट्यानं खालावतेय. तिला धुरापासून लांब ठेवायलाच हवं."

"औषधं द्या," सुहास म्हणाला. "शेगडी नको. एका घराला दिली की सगळी गल्ली मागणार. मग तुलना कशाशी करायची?"

स्वरालीनं औषधं लिहून दिली. पण त्याच आठवड्यात कल्याणीनं गोदामातली एक जादा शेगडी उचलली आणि रवळू वायरमनकडून मनुबाईच्या घरी गुपचूप जोडून घेतली.

महिनाभरात मनुबाईचा चेहरा उजळला. रात्रीची झोप लागायला लागली. एकदा तिनं कल्याणीला समोर बसवून गरम गरम भाकरी वाढली आणि पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवून दाखवलं. "बघा की बाई, काळं लागत न्हाय!" सून पूर्णिमा दारात उभी राहून हसत होती.

मनुबाईच्या यंत्रावरचा धुराचा आकडा एकाएकी कमी झालेला सुहासनं पाहिला आणि कल्याणीला बोलावून घेतलं.

"हे तू केलंस?"

"तिला श्वास घेता येत नव्हता, सुहास."

"आणि आपल्या कामाचं काय? तूच दिलीस, तूच काढून आण. नाही जमणार म्हणत असशील तर तसं सांग. पुढच्या टप्प्याला दुसरं कुणीतरी बघतो."

कल्याणी दोन दिवस घरी तळमळत होती. राजीनामा द्यावा, वर्तमानपत्रात जावं, स्वतःच्या पैशानं मनुबाईला दुसरी शेगडी घेऊन द्यावी, सगळं तिच्या मनात येऊन गेलं. पण एवढं नाव, एवढी मोठी संधी तिला आजवर कधी मिळाली नव्हती. तिसऱ्या दिवशी ती बेळगुंदीला गेली.

मनुबाई भात शिजवत होती. शेगडी न्यायला आल्याचं ऐकून तिचा हात पातेल्यावरच थांबला.

"माझं काय चुकलं व्हय, बाई? म्या लई वापरली काय?"

"नाही हो मनुआक्का. बिघाड आहे तिच्यात. शॉक बसायचा."

"मग न्या बाई, न्या. घरात ल्हान पोरं हाईत."

तिनं अर्धा कच्चा भात खाली उतरवला. शेगडी पदरानं लख्ख पुसली आणि दोन्ही हातांनी कल्याणीच्या हवाली केली. मग, बाई चहा न घेता कशी जाईल म्हणून, चुलीत फांद्या घातल्या. त्या ओल्या होत्या. फुंकणीनं फुंकर घालता घालता तिला अशी ढास लागली की डोळे पांढरे झाले. पूर्णिमानं धावत येऊन पाठ चोळली. कल्याणी पाटावर बसून होती. चहा आला तेव्हा तिनं तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

शेगडीचा तो महिना हिशेबातून वगळला गेला. निबंध छापून आला, कौतुक झालं. दोन गल्ल्यांमधला फरक एवढा ठळक निघाला की सभागृहात सुहासनं तो पडद्यावर दाखवताच टाळ्या पडल्या. श्वासाच्या आलेखात सगळ्यात खाली घसरलेली रेघ कुणाची, ते कल्याणीला विचारावं लागलं नाही. पुढच्या टप्प्याच्या प्रमुखांमध्ये तिचं नाव लागलं.

खालच्या गल्लीत शेगड्या वाटल्या तेव्हा मनुबाई बेळगावच्या इस्पितळात होती. कल्याणी भेटायला गेली. नाकाला नळी, हाताच्या नुसत्या काड्या झालेल्या. तरी कल्याणीला बघून ती उठू लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईला धापा टाकत म्हणाली, "ह्या आमच्या बाई. लई... शिकलेल्या. माझ्यासाठी... येत्यात." मग कल्याणीचा हात धरून हळूच म्हणाली, "तुमची शेगडी... माझ्याच हातनं बिघडली असंल. मनावर घेऊ नगा."

कल्याणीनं तिच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं.

पूर्णिमा तिला सोडायला व्हरांड्यापर्यंत आली. तिथं थांबून सरळ म्हणाली, "शेगडी बिघडली न्हवती. आता आमच्याच गल्लीतल्या मालुबाईच्या घरात तीच चालू हाय. म्या लावलेली टिकली अजून चिकटून हाय तिला."

"पूर्णिमा, मी..."

"आत्यास्नी सांगू नगा. तुमच्यावर लई जीव हाय त्यांचा. आता खरं कळून त्यांनी काय करायचं? तेवढं तरी राहू दे त्यांच्याजवळ."

ती वळून आत गेली. कल्याणी जिना उतरली, बाहेर उन्हात आली. आता मनुबाईला कधीच काही सांगावं लागणार नव्हतं. हे ध्यानात आलं तेव्हा तिला पहिल्यांदा वाटलं ते हायसं. रिक्षा कॅम्प भागात शिरेपर्यंत तिला स्वतःची शिसारी आली नव्हती.