टिल्लूमास्तरांचं खोगीर

मित्रांनो, मला हातात घेतलंत तर तुम्हाला वाटेल, हे एखाद्या लाकडी घोड्यावरचं खेळणं असावं. माझं वजन तुमच्या एका जाडशा पाठ्यपुस्तकाएवढं. पण मी खरंखुरं खोगीर आहे. चांगलं तीस वर्षांचं जुनं आहे आणि शर्यतीच्या घोड्यांच्या पाठीवरून वाऱ्यासारखं धावलेलं आहे. निरुपयोगी भरताडाला तुम्ही लोक ‘खोगीरभरती’ म्हणता. तो शब्द ऐकला की मला वाईट वाटतं. शर्यतीच्या खोगिरात भरती नसतेच. नको ते सगळं काढून टाकल्यावर जे उरतं, ते मी.

एका अरुंद गल्लीतल्या दुकानात माझा जन्म झाला. मला शिवणारा कारागीर म्हातारा होता. टाका घट्ट बसला की नाही हे तो डोळ्यांनी बघत नसे, अंगठ्यानं चाचपून ओळखत असे. मी तयार होत आलो तेव्हा एक माणूस दारात येऊन उभा राहिला. त्याची चण इतकी लहान होती, की कारागीर मान वर न करताच म्हणाला, “बाळ, वडिलांना घेऊन ये.”

“वडील घरी आहेत, आजोबा,” तो हसून म्हणाला. “घोड्यावर मीच बसतो.”

तो जॉकी होता, म्हणजे शर्यतीत घोडा पळवणारा स्वार. सगळे त्याला टिल्लू म्हणत. मी त्याचं पहिलं स्वतःचं खोगीर होतो. घरी जाताना त्यानं मला पिशवीत टाकलं नाही, लहान बाळासारखं छातीशी धरून नेलं.

शर्यतीच्या दिवशी टिल्लू मला हातात घेऊन काट्यावर उभा राहायचा. दोघांचं मिळून जे वजन भरेल, तेच घोड्यानं वाहायचं असा नियम होता. वजन वाढू नये म्हणून तो एक उकडलेलं अंडं आणि कपभर काळा चहा एवढ्यावर दिवस काढायचा. उन्हात रबरी कोट घालून पळायचा. त्याची बायको म्हणायची, “अहो, घोड्याला तुमच्यापेक्षा चौपट जेवायला मिळतं.” तो म्हणायचा, “घोडा माझ्यापेक्षा चौपट काम करतो.”

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, जॉकी खोगिरावर बसतो. छे! टिल्लू रिकिबीत पाय रोवायचा, पाठ वाकवायचा आणि माझ्यावर अधांतरी तरंगायचा. माझ्या खाली घोड्याची धडधड आणि वर त्याचा श्वास. दोन्हींच्या मधे मी. घोड्याच्या पाठीतून जे माझ्यापर्यंत यायचं, ते रिकिबीतून त्याच्या पावलांनाही कळायचं. अशी आम्ही नऊ वर्षं काढली. खूप शर्यती जिंकल्या. लोक टिल्लूला खांद्यावर घ्यायचे आणि मी त्याच्या काखेत असायचो, घामानं भिजलेला, पण ताठ.

मग ठिणगीचा दिवस आला.

ठिणगी तांबूस रंगाची घोडी होती. टिल्लूचा तिच्यावर आणि तिचा टिल्लूवर जीव होता. हंगामातली सगळ्यांत मोठी शर्यत होती आणि आज ठिणगीच जिंकणार असं जो तो म्हणत होता. शर्यत सुटण्याच्या जागेकडे आम्ही हलक्या चालीनं निघालो तेव्हा मला जाणवलं, तिची पुढची उजवी टाप आखूड पडत होती. फार नाही, केसभर. टिल्लूलाही जाणवलं. त्यानं अंग किंचित डावीकडे झुकवलं, म्हणजे उजव्या पायावर भार कमी पडेल. घोड्यांचे डॉक्टर कुंपणापाशी, दहा पावलांवर उभे होते. टिल्लूनं त्यांच्याकडे बघितलं. हात वर केला. मला वाटलं, आता तो हाक मारणार. पण त्या हातानं त्यानं डोळ्यांवरचा चष्मा तेवढा नीट केला.

शेवटच्या वळणावर आम्ही सगळ्यांच्या पुढे होतो. वाळकी फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि ठिणगी कोसळली. टिल्लू कुठे फेकला गेला, ते मला दिसलं नाही. माणसांनी धावत येऊन तिच्याभोवती पडदा धरला. पडद्याआड काय झालं, ते मी सांगणार नाही. सगळं शांत झाल्यावर कुणीतरी माझा पट्टा सोडला आणि मला उचललं. तिची पाठ अजून गरम होती.

टिल्लूचं कमरेचं हाड मोडलं. सात महिने तो अंथरुणात होता. भेटायला येणारा प्रत्येक जण म्हणायचा, “बिचाऱ्याचं नशीब!” तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. त्याला काय ठाऊक होतं, ते कुणी विचारलं नाही आणि त्यानं सांगितलं नाही. अळीमिळी गुपचिळी. मी तर वस्तू, मला बोलता येत नव्हतं. त्याला येत होतं.

पुन्हा घोड्यावर बसणं त्याच्या नशिबात नव्हतं. मग तो ट्रेनर झाला, शर्यतीचे घोडे तयार करू लागला. मैदानाच्या पार टोकाला आठ घोड्यांचा तबेला त्यानं चालवायला घेतला. आता लोक त्याला मास्तर म्हणू लागले आणि मी सामानाच्या खोलीत खुंटीवर टांगला गेलो. तिथून मला रोज सकाळी एक दृश्य दिसायचं. चहा घेण्याआधी मास्तर काठी बाजूला ठेवायचे, दुखरी कंबर सावरत गुडघ्यावर बसायचे आणि घोड्याच्या एकेका पायावरून वरपासून खालपर्यंत तळवा फिरवायचे. आठ घोडे, बत्तीस पाय. म्हातारा मोतद्दार खरारा करता करता म्हणायचा, “मास्तर, एवढी चौकशी तर माझ्या सासूनंही कधी केली नाही!”

पाय जरा गरम लागला, की मास्तर घोड्याचं नाव शर्यतीतून काढून घ्यायचे. कुणाचं ऐकायचे नाहीत. मैदानावर त्यांना ‘रद्दमास्तर’ असं नाव पडलं. त्यांच्याकडे घोडा देणं म्हणजे त्याला पेन्शनीत पाठवणं, असं लोक हसून म्हणत. चांगले घोडे एकेक करून दुसरीकडे गेले. पण त्या तबेल्यातला एकही घोडा कधी मैदानात पडला नाही. त्याचं टाळ्या वाजवून कौतुक करावं, असं कुणाला वाटलं नाही.

ठिणगी पडली तेव्हा मास्तरांची मुलगी चार वर्षांची होती. ती बापाच्याच चणीची निघाली आणि बापाच्याच वेडाची. एकोणिसाव्या वर्षी तिनं जॉकी व्हायचा हट्ट धरला. आई रडली, रागावली, दोन दिवस जेवली नाही. शेवटी मास्तरांनी मला खुंटीवरून उतरवलं. माझे उसवलेले टाके नवे घातले, मला तेल चोळलं आणि तिच्या हातात दिलं. पंधरा वर्षांनी माझ्या अंगाला पुन्हा घोड्याचा वास आला. मित्रांनो, तो आनंद मी कसा सांगू?

त्याच सुमारास एका बाईंनी मास्तरांकडे काळाभोर घोडा आणला. बाईंचा बिस्किटांचा कारखाना होता, म्हणून सगळे त्यांना बिस्किटवाल्या बाई म्हणत. जन्मल्यावर उभं राहायला त्या शिंगरानं तासभर लावला होता, म्हणून त्याचं नाव ‘सावकाश’ ठेवलं होतं. पण पळायला लागला की त्याला गाठणं कुणाला जमत नसे. बापलेकीनं त्याच्यावर वर्षभर मेहनत घेतली. ती त्याला पळवायची, मास्तर कुंपणाशी उभे राहून बघायचे. घरी आल्यावर दोघांच्या बोलण्यात घोड्याशिवाय विषय नसायचा. आई म्हणायची, “मला या घरात बोलायचं असेल तर मी आता खिंकाळूनच बोलते.”

हंगामातली सगळ्यांत मोठी शर्यत जवळ आली. ठिणगी ज्या शर्यतीत पडली, तीच. त्या दिवशी सकाळी मास्तरांचा तळवा सावकाशच्या पुढच्या डाव्या पायावर थांबला. त्यांनी तो पाय चारदा चाचपला. मुलीला बोलावलं.

“मला तर काही लागत नाही, बाबा,” ती म्हणाली.

डॉक्टर आले. “किंचित ऊब आहे,” ते म्हणाले. “पळेलही व्यवस्थित. तुम्ही ठरवा.”

मास्तरांनी घोडा काढून घेतला.

मुलीनं मला घोड्याच्या पाठीवर ठेवायला उचललं होतं. ती तशीच उभी राहिली. “तुम्ही पडलात म्हणून मी बसायचंच नाही का? तोंडातला घास काढून घेतलात माझ्या!”

मास्तर काहीतरी बोलणार होते. त्यांचे ओठ हलले, ते मी बघितलं. पण ते वाकले आणि पाण्याची बादली उचलून चालू लागले.

दुपारी बिस्किटवाल्या बाई आल्या. “मास्तर, तुमची भीती तुमच्यापाशीच ठेवा. माझा घोडा मी नेते.” आठवड्याभरात सावकाश दुसऱ्या ट्रेनरकडे गेला. त्याच्यामागोमाग मुलगीही गेली. तिथल्याच एका खोलीत राहू लागली. मी तिच्याबरोबर होतो. बापलेकीचं बोलणं बंद झालं. एकमेकांची खुशाली त्यांना आईकडून कळायची.

पुढच्या वर्षी ती शर्यत पुन्हा आली. सावकाश पळाला आणि काय पळाला! शेवटच्या वळणापर्यंत तो दुसरा होता. तिथे त्याचा डावा पाय टेकताना अडखळला. मला कळलं. तिलाही कळलं. क्षणभर तिचे गुडघे ताठ झाले. मग तिनं चाबूक मारला. मुक्या जनावरानं ऐकलं. एका मानेच्या अंतरानं आम्ही जिंकलो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. चषक मिळाला, फोटो निघाले. त्या फोटोत सावकाशचा डावा पाय जरासा उचललेला दिसतो. लोकांना ती त्याची ऐट वाटली. तासाभरात त्याला तो पाय टेकता येईना. डॉक्टर म्हणाले, आता हा कधी पळणार नाही.

संध्याकाळी ती मला काखेत घेऊन आईवडिलांच्या घरी आली. आईनं दार उघडलं. मास्तर जेवणाच्या टेबलाशी बसले होते.

“घोडा कसा आहे?” त्यांनी विचारलं.

“जिंकलो आम्ही.”

“ते बघितलं मी. घोडा कसा आहे?”

तिनं मला टेबलावर ठेवलं. “मला कळलं होतं, बाबा,” ती म्हणाली. “वळणावरच कळलं होतं. तरी मी चाबूक मारला.”

मला वाटलं, मास्तर आता बोलतील, ‘मी सांगत होतो ना?’ ते तसं काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्यावर हात ठेवला आणि सतरा वर्षांत पहिल्यांदा ठिणगीची गोष्ट सांगितली. आखूड पडणारी टाप, कुंपणाशी उभे असलेले डॉक्टर, वर केलेला हात आणि चष्मा. सगळं सांगितलं.

आधी आई बोलली. “सात महिने मी तुमचं अंग पुसत होते. लोकांना सांगत होते, काय वाईट नशीब माझ्या माणसाचं. मलासुद्धा नाही सांगितलंत?” ती उठून आतल्या खोलीत गेली.

मुलगी रडत होती. “त्या दिवशी सकाळी मला एवढं सांगितलं असतंत, तर मी कशाला गेले असते?”

“नसतीस गेली,” मास्तर म्हणाले. “तेव्हा जिंकायच्या हावेपायी मी गप्प बसलो आणि नंतर माझी लाज वाचवायला. ठिणगी गेली त्यात, आणि आता सावकाशचा पाय.”

पुढे मास्तर काठी टेकत बिस्किटवाल्या बाईंकडे गेले आणि सावकाशला मागून घरी घेऊन आले. तबेल्यातल्या टोकाच्या खोलीत तो तीन वर्षं राहिला. रोज सकाळी दोघं लंगडत तबेल्याला एक फेरी मारायचे. आईचा अबोला हळूहळू सुटला, पण पहिल्यासारखी ती हसली नाही. मुलगी दर रविवारी यायची, सावकाशचे खूर साफ करायची आणि त्याच्या मानेला कपाळ टेकून उभी राहायची. पुढे मास्तरांना छातीचं दुखणं जडलं आणि ते बळावलं. एका थंडीत ते गेले. सावकाश त्यांच्यामागून महिनाभर जगला.

मास्तर गेल्यावर दीड महिन्यांनी एका मोठ्या शर्यतीत तिला सगळ्यांचा आवडता घोडा मिळाला होता. सुटण्याच्या जागेकडे जाताना त्याचं पाऊल मला जरा वेगळं वाटलं. तिनं लगाम खेचला. डॉक्टरांना हाक मारली आणि सरळ खाली उतरली. हजारो लोक ओरडत होते, शिट्ट्या वाजवत होते, नको नको ते बोलत होते. त्या सगळ्यांच्या समोरून ती घोड्याला हातानं धरून चालवत परत आली. मी घोड्याच्या पाठीवर होतो, माझ्यावर कुणी नव्हतं.

डॉक्टरांना त्या पायात काहीच सापडलं नाही. तो घोडा ज्या तबेल्याचा होता, त्यानं तिला पुन्हा कधी घोडा दिला नाही. घरी येऊन तिनं हे आईला सांगितलं. आई तिच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली, “हे बघायला ते हवे होते गं.”

आता माझ्या आतल्या चौकटीला तडा गेला आहे. शर्यतीत मला नेता येत नाही. तेल न मिळाल्यानं माझं कातडं कडक झालं आहे, कोपरे बुरशीनं धरले आहेत. पण मित्रांनो, माझ्यासाठी हळहळू नका. तुमच्या घरी कुत्रं असेल, मांजर असेल, गाय असेल, घोडा असेल. त्याला खायला घालता, आंघोळ घालता, फार चांगलं करता. पण त्याला काही दुखतंय असं तुम्हाला कळलं, तर ते मनात ठेवू नका. कुणी हसेल, कुणी रागावेल, हातचं बक्षीस जाईल, तरी त्याच क्षणी मोठ्यानं सांगा. आणि एखाद वेळी नाहीच सांगितलंत, चूक झाली, तर तीही सांगून टाका. सतरा वर्षं थांबू नका.