पुढच्या गाडीचा उजेड

इंझोरीच्या इतिहासात उजेडाची दोन युगं मानावी लागतात: बबनरावांच्या गाडीत नवे बल्ब बसण्याआधीचं आणि बसल्यानंतरचं. हे मत बबनरावांचं. गावातल्या बाकीच्यांना त्या आठवड्यात विशेष काही घडल्याचं आठवत नाही. समोरच्या गोठ्यातल्या म्हशीने एक दिवस दूध दिलं नाही, एवढंच.

गाडी म्हणजे सत्त्याण्णव सालची मारुती. रंग पांढरा, निदान कागदोपत्री. ती घेतल्यापासून भावकीतली प्रत्येक नवरी याच गाडीतून गावात आली होती. वरातीच्या रांगेत ही गाडी पुढे, बाकीच्या मागे. पुढची गाडी थांबेल तिथे चहा, आणि पुढच्या गाडीचा जो वेग तोच वरातीचा. बबनरावांचा वेग पस्तीसचा होता. त्याहून जास्त वेगाने त्यांच्या मते सून नव्हे, सामान आणतात.

यंदा पुतण्या राजूचं लग्न ठरलं, शिरपूरच्या वैजयंतीशी. राजूचा थोरला भाऊ अनुप याने दिवाळीत नवी, उंच, काळी गाडी घेतली होती. तिच्यात बसायला पायरी होती. लग्नाच्या बैठकीत चहाचा कप खाली ठेवून अनुप म्हणाला, "काका, या खेपेला माही गाडी पुढं राहू द्या."

"काहून?"

"तुमच्या लाइटीत रस्ता दिसत नाई ना. वापस येता येता अंधार होते. मागच्या लग्नात तुमी नाल्यापाशी गाडी उभी केली अन् मले खाली उतरवलं, पूल हाय का नाई ते पाह्याले."

"मंग? होता ना पूल?"

बैठक हसली. बबनरावांना वाटलं, आपल्या उत्तरावर हसली. मग ती जरा जास्त वेळ हसत राहिली, आणि तसं नसावं हे त्यांच्या ध्यानात आलं. वैजयंती गावात येणार ती आपल्या गाडीतून की कालच्या पोराच्या, याचा निकाल आता दोन काचेच्या बल्बांवर येऊन ठेपला होता.

दुसऱ्या दिवशी बबनराव मंगरुळपीरला चांदच्या दुकानात गेले. चांद गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम करी आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसल्याशिवाय डबा उघडत नसे. त्याने काउंटरवर तीन प्रकारचे बल्ब मांडले. मांडताना हलक्या हाताने मांडले, सोनाराने पाटल्या मांडाव्यात तसे.

"हा शंभर वॅटवाला. खतरनाक उजेड. पन भाऊ, तुमची वायरिंग पुरानी हाय. होल्डर पिघळून जाईन. वरून पोलीसवाला थांबवन ते अलग."

"हा?"

"एलईडी. दुधासारका पांढरा. पन तुमच्या दिव्याची बनावट जुन्या बल्बाची हाय. उजेड रस्त्यावर कमी पडन, समोरच्याच्या डोयात जास्त. समोरच्याले तुमी दिसान, तुमाले रस्ता दिसनार नाई."

बबनराव विचारात पडले. समोरच्याला आपण दिसणं हा तर मूळ उद्देश होता. त्यांनी एलईडी लावून दाखवायला सांगितलं. चांदने अर्धं शटर ओढून त्यावर उजेड पाडला. बबनरावांनी मान तिरपी करून पाहिलं.

"अनुपच्या गाडीचा असाच हाय का?"

"नवीन गाड्याइचा असाच राह्यते."

"मंग नाई पायजे. लग्नाची गाडी हाय, अँबुलन्स नाई. सोन्यासारका उजेड दे."

"मंग हा तिसरा घ्या. जुन्याइतक्याच वॅटचा, पन मालच वेगळा. रिले टाकून देतो. करंट बॅटरीतून सीधा बल्बात. कोनाच्या हातापाया पडाची गरज नाई."

'सीधा' हा शब्द बबनरावांना फार पटला. आपलंही आयुष्य असंच गेलं, असं त्यांना वाटलं. अशा रीतीने योग्य बल्बाची निवड झाली. त्यात योग्य कारणांचा हात नव्हता.

संध्याकाळी अंगणात गाडी उभी करून त्यांनी बटण दाबलं. उजेड निघाला, तुळशीपर्यंत गेला आणि तिथेच बसला. तोच पूर्वीचा, म्हाताऱ्या कंदिलासारखा पिवळा उजेड. बबनराव खाली उतरले. दिव्याच्या काचेवर त्यांनी नख ओढलं. नखाखाली पिवळं निघालं. वास घेतला. हळद.

दर दसऱ्याला बबनरावांची बायको गोजराबाई गाडीच्या दोन्ही दिव्यांना हळदकुंकू लावत, वर तेलाचं बोट फिरवत. ते गाडीचे डोळे. वाहिलेलं पुसायचं नाही, ही त्यांची सक्त ताकीद होती. म्हणून बबनराव गाडी धुताना तेवढी जागा सोडून धूत. पंचवीसहून जास्त दसऱ्यांची हळद काचेवर थराथराने बसली होती. कुंकवाचं तर रोगणच झालं होतं.

"अवं गोजरा, हे काय व?"

"हात नका लावू! वाहेल हळद हाय ते."

"वाहेल असन. पन उजेड बाहेर याले रस्ता ठेवशीन का नाई?"

"इतकी वर्सं अपघात झाला का? नाई ना? मंग त्याच्याच पुण्याईनं."

"पस्तीसच्या वर गेलो नाई म्हनून झाला नाई."

"ते बी त्याच्याचमुळं. दिसेच नाई तुमाले, जाता कुठं?"

बबनराव ओट्यावर बसले. मग मऊ आवाजात म्हणाले, "देव्हाऱ्यातले देव नाई घासत तू, चिंच लावून?"

गोजराबाई थांबल्या. देव घासले तर त्यांचं देवपण जात नाही, उलट ते जरा बरे दिसतात, हा घरचाच अनुभव होता. त्या आत गेल्या, चिंचेचा गोळा आणि पाण्याचा तांब्या घेऊन आल्या, पदर खोचला आणि गाडीपुढे बसल्या. बबनरावांना त्यांनी हात लावू दिला नाही. काच दिसू लागली तेव्हा तिन्हीसांज झाली होती.

बबनरावांनी पुन्हा बटण दाबलं. उजेड तुळशीवरून उडी मारून रस्ता ओलांडून थेट अनुपच्या गोठ्यात शिरला. म्हैस उठून उभी राहिली. पाठोपाठ कपाळावर हात धरून अनुप बाहेर आला.

"काका, बंद करा ना! कायले डोये फोडून राह्यले?"

"पूल दिसला का रे?" बबनरावांनी विचारलं.

"राहा बापा पुढं. तुमीच राहा."

बबनरावांनी लाइट लगेच बंद केली नाही. गोठ्याची भिंत, भिंतीवरच्या गोवऱ्या, गोवऱ्यांवरचे बोटांचे ठसे, सगळं त्यांनी डोळे भरून पाहून घेतलं.

"जुने बलब कुठी हायेत?" मागून गोजराबाईंनी विचारलं. "आता काच साफ झाली त तेच लावून पाह्यले असते..."

"फेकले," बबनराव म्हणाले आणि सदऱ्याच्या खिशावर हात ठेवला. जुने बल्ब खिशातच होते.

एप्रिलमध्ये लग्न झालं. वैजयंतीचे वडील निवृत्त मुख्याध्यापक. नवरदेवाकडची माणसं शिरपुरात नाचत शिरली तेव्हा ते मांडवाच्या दारात मनगटावरचं घड्याळ पाहत उभे होते. त्यांनी नुसता हात वर केला आणि वाजंत्री थांबली. मुहूर्ताला लग्न लागलं. असं भावकीत कुणी पाहिलेलं नव्हतं. वयस्कर मंडळी थोडी घाबरली. पंगती उठल्या. बबनरावांनी बुंदी दोनदा मागून घेतली, जैन मंदिरात जाऊन निवांत दर्शन घेतलं, परत येऊन चहा मागितला. पाठवणीची रडारडही आटोपशीर झाली. अखेर मुख्याध्यापकांनी गाडीचं दार स्वतः लावलं.

"निघा आता. उजेडी पोचलेलं बरं."

बबनरावांनी शिरपूरच्या वेशीतच लाइट लावली. मागच्या सीटवर राजू आणि वैजयंती, मागे पस्तीसच्या वेगाने अनुपची काळी गाडी, तिच्यामागे बाकीचं वऱ्हाड. समोरून येणारे मोटारसायकलवाले हात वर करून मूठ उघडत-मिटत होते. लाइट चालू राहिली, असा त्याचा अर्थ. बबनरावांनी स्वतः शेकडो लोकांना ही खूण केली होती. आज मात्र ते प्रत्येकाला स्टिअरिंगवरचा एक हात उचलून नमस्कार करत राहिले.

"मामाजी, फार लोक ओळखतात तुम्हाला," वैजयंती चुलत सासऱ्यांना म्हणाली.

"वयखतीन ना बाई. गाडीच तशी हाय."

राजू खिडकीबाहेर पाहत होता.

चहाला वरात दोनदा थांबली, बबनराव म्हणतील तिथे. इंझोरीच्या शिवेवर त्यांनी हॉर्न दिला आणि गाडी मधोमध ठेवून गावात घातली. दारात गोजराबाई भाकरतुकडा घेऊन उभ्या होत्या. नवरानवरीवरून ओवाळण्याआधी त्या गाडीपुढे वाकल्या आणि दिवा लागलाय की नाही हे त्यांनी हाताने चाचपून पाहिलं. काच गरम होती.

साडेपाच वाजले होते. सूर्य पावणेसातला मावळला.