पहिली चिलापी

“हवेचा वॉल खाली कर, चिंधी गुंडाळ, आन् मगच ट्यूबवर पोट टेक. पानात शिरलीस की पाय मारायचा न्हाई. काय बी झालं तरी न्हाई. पाय मारणाराला पानं धरून ठेवत्यात.”

नवऱ्याला, दगडोबाला जाऊन दोन वर्षं झाली होती, पण ट्यूब पाण्यात लोटताना ताईबाईला त्याचा हा आवाज कानाशीच ऐकू येई. ट्रकची काळी ट्यूब, ठिगळं लावलेली, मधल्या भोकावर दोरीची वीण. दोन्ही हातांत वल्ह्यांसारख्या घातलेल्या जुन्या रबरी चपला. कमरेला गळाची दोरी, गांडुळांचा डबा, माशांची पिशवी आणि हळदीकुंकवाची पुडी.

एरवी ती भल्या पहाटे एकटीच उतरे. आज मात्र कासुर्डीच्या वरच्या अंगाच्या त्या तलावावर दहा-बाराजण जमले होते. मच्छीमार संस्थेचे चेअरमन सोपानराव होते, पुण्याहून आलेले मत्स्य खात्याचे साहेब होते, आणि बाभळीखाली विडी ओढत म्हातारा गेणबा बसला होता. थोडं लांब, पदर तोंडाशी धरून गिताबाई उभी होती.

भानगड एवढीच होती. दगडोबा गेल्यावर त्याच्या जागी ताईबाईनं आपलं नाव लावायला अर्ज दिला होता. सोपानरावांचं म्हणणं, बायका मासे विकतात, धरत नाहीत. आणि जो स्वतः पाण्यात उतरून मासे धरतो त्यालाच सभासदाचं कार्ड. कार्ड नसेल तर ह्या तलावात बोटही बुडवता येणार नाही. मग यवतच्या बाजारात दुसऱ्यानं धरलेले मासे घेऊन बसायचं, बस्स.

“साहेब, दगडोबाची खांदेदुखी निघाल्यापास्नं हीच उतरतीया,” गेणबा म्हणाला. “नऊ वर्सं झाली. म्या डोळ्यानं बघितलंय.”

“मामा, तुमच्या डोळ्यांला मोतीबिंदू हाय,” सोपानराव म्हणाले. लोक हसले.

“म्हणूनच म्हनलं, साहेबांनी सोताच्या डोळ्यांनी बघावं,” गेणबानं विडी झटकली.

साहेब तरुण होते, बुटांना चिखल लागू नये म्हणून दगडावर उभे होते. घड्याळाकडं बघून म्हणाले, “बाई, तासाभरात पाच मासे दाखवा. मग मी नाव लिहितो.”

“व्हय साहेब.”

तलाव निम्म्याहून जास्त जलपर्णीनं भरला होता. हिरवीगार जाड पानं, वर जांभळी फुलं. अशा पाण्यात जाळं टाकलं की मुळांसकट गोळा होऊन फाटतं. म्हणून सोपानरावांची होडी पंधरा दिवस काठावर पालथी होती. पण पानांच्या मध्ये परातीएवढी मोकळी पाण्याची डबकी असतात. चिलापी तिथं वर येते. तिथवर पोचायचं तर ट्यूबच पाहिजे, आणि गळ.

ताईबाईनं आधी काठावरच्या सात दगडांना, पाण्यातल्या साती आसरांना, हळदकुंकू वाहिलं. पाण्याला शिवून ओला हात कपाळाला लावला. तिचा हा रोजचा नेम. मग पोट टेकून, चपलांनी पाणी मागं लोटत ती निघाली. पानांत शिरल्यावर एकेक पान चपलेनं बाजूला सारत, पाय दोरीसारखे सैल सोडून, कासवाच्या चालीनं आत गेली. एक मोकळी जागा सापडली. गळ सोडला. दोरीला बांधलेला थर्माकोलचा तुकडा पाण्यावर स्थिर झाला.

फार वेळ लागला नाही. तुकडा एकदा हलला, दोनदा हलला, आणि सर्रकन खाली गेला. तिनं हिसका दिला. दोरी बोटात रुतली. वर आली ती पाऊण किलोची चिलापी, काळसर पाठीची, काटे उभारलेली. काठावरून “आयला!” असा आवाज उठला. गिताबाईनं पदर खाली घेतला.

ताईबाईनं गळ अलगद सोडवला. मासा कपाळाला लावला. आणि पाण्यात सोडून दिला.

“सुटला, सुटला!” सोपानराव ओरडले. “बघा साहेब, हातात आलेला मासा ठरला न्हाई!”

“बाई, निसटला का?” साहेबांनी हाक दिली.

“निसटला न्हाई साहेब. सोडला.”

“सोडला? का?”

“पहिला मासा आसरांचा. रोजचा नेम हाय.”

“अहो, पण आज…”

“आज कुणी बघाया आलंय म्हून नेम मोडू व्हय?”

तिचा आवाज चढला नव्हता. देवळात बोलावं तशी ती बोलली, तरी पाण्यावरून ते सगळ्यांना ऐकू गेलं. साहेबांनी वहीत काही लिहिलं नाही. सोपानराव तेवढे गालात हसले.

तेवढ्यात वारा फिरला.

दक्षिणेकडून सुटलेल्या वाऱ्यानं जलपर्णीचा अख्खा गालिचा सरकला. बघता बघता ताईबाईच्या मागची वाट मिटली. पानं चारी बाजूंनी ट्यूबला भिडली, वर चढली. काठावरून तिचा पदर आणि ट्यूबची काळी कड एवढंच दिसत होतं.

“ताईबाई!” सोपानरावांचा चेहरा उतरला. माणूस वाईट नव्हता. “पाय मार! जोरात पाय मार!”

“मार पाय, ताई!” गिताबाई रडवेली झाली.

पाय मारावासा वाटलाच. मांडीपर्यंत थंड मुळं येऊन टेकली होती, पायांच्या बोटांत शिरत होती. पाय मारणाराला पानं धरून ठेवत्यात. तिनं डोळे मिटले, तोंडातल्या तोंडात देवाचं नाव घेतलं आणि पाय तसेच सोडून दिले. मुळं लागली, घोटाळली, आणि गुंतायला काही मिळेना म्हणून आपोआप बाजूला झाली.

डोळे उघडले तर छातीपुढं थाळीएवढं पाणी उरलं होतं. पानांनी बाकीची डबकी मिटवली होती, आणि हवेसाठी सगळा मासा ह्या एवढ्याशा पाण्यात तोंड वर काढून आला होता.

ताईबाईनं गळाला गांडूळ लावलं.

वारा पडायला अर्धा तास लागला. मग पानं हलली, फट दिसली, आणि चपला चुबक चुबक करत ती काठाला आली. पाण्यातून उठताना तिनं कमरेची पिशवी पालथी केली. सात चिलाप्या गवतावर तडफडल्या.

गेणबा म्हणाला, “सोपानराव, मोजा की. माझ्या डोळ्यांला मोतीबिंदू हाय.”

सोपानराव खाली वाकले. मोजले नाहीत, एक उड्या मारत पाण्याकडं चालली होती, ती उचलून पिशवीत टाकली. “लिवा साहेब,” ते म्हणाले. “आमच्याच्यानं हे झालं नसतं.”

साहेबांनी रजिस्टर उघडलं. दगडोबाच्या नावावर पेन टेकवलं.

“साहेब,” ताईबाई पहिल्यांदाच कापऱ्या आवाजात बोलली, “त्यांच्या नावावर रेघ मारूच लागती का?”

“नियम आहे, बाई.”

पण त्यांनी रेघ इतकी हलकी मारली की नाव आरपार वाचता येत होतं. खाली लिहिलं, ताईबाई दगडोबा भोई. तिनं ओल्या बोटांनी अंगठा नव्हे, सही केली. अक्षरं तिरकी होती, पण एकही गाळलं नव्हतं.

पांगताना गिताबाई जवळ आली. तिचाही नवरा ह्याच तलावावर मासे धरायचा. तो गेल्यापासून ती कांद्याच्या वखारीत निवडायला जात होती. “तू म्हनली हुतीस, तुझं नाव लागलं की मला बी…” ती हळूच पुटपुटली.

“माझ्या ध्यानात हाय,” ताईबाई म्हणाली.

दुपारी ती यवतच्या पंक्चरवाल्याकडं गेली. दोन मोठ्या चिलाप्या त्याच्यापुढं ठेवल्या आणि त्याच्याकडची एक जुनी ट्यूब ठिगळ लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता तिनं अंघोळ केली, देवापुढं दिवा लावला. ट्रंकेतून दगडोबाचा जुना पटका काढला, त्याची एक लांब चिंधी फाडली आणि ह्या दुसऱ्या ट्यूबच्या वॉलला नीट गुंडाळली. कमरेला हळदीकुंकवाची पुडी खोचली. मग एक ट्यूब उजव्या खांद्यावर आणि एक डाव्या, हातात चपलांचे दोन जोड, अशी ती दार ओढून घेऊन गिताबाईच्या घराच्या वाटेला लागली.