चौदा तारखेची दोन तिकिटं

तिकीट-एजंट पोपटराव काहीतरी लबाडी करतोय, ही शंका प्राचीला मंगळवारी सकाळी लॅबच्या दारात आली.

रांजणगावच्या एका कारखान्यात ती कच्च्या मालाची तपासणी करायची. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर शिरूरला खोली घेऊन तिला दोन वर्षं होत आली होती. आत जाण्याआधी मोबाईल लॉकरमध्ये ठेवावा लागे. ठेवता ठेवता तिनं जहाज कंपनीचा मेल उघडला. ‘आपल्या विनंतीनुसार चौदा जानेवारीचं संध्याकाळी सहाचं जेवणाचं टेबल रद्द केलं आहे.’ मेलची वेळ पहाटे चार बावन्न.

विनंती? तिनं तर कसलीच विनंती केली नव्हती.

जहाजानं जाणार होते तिघं. प्राचीचे वडील नागसेन, आई सुरेखा आणि आत्या ताईबाई. नागसेन रेल्वेत टीसी. दौंडला चौतीस वर्षं नोकरी करून गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. ताईबाई त्यांच्याहून बारा वर्षांनी मोठी. आईबाप लवकर गेले तेव्हा तळेगाव ढमढेऱ्याला लोकांच्या रानात खुरपून, बाजाराच्या दिवशी भाजी विकून तिनं या भावाला शिकवलं. निवृत्तीनंतर नागसेननी विचारलं, “आक्का, तुला काय पाहिजे ते माग.” ती जरा वेळानं म्हणाली, “भंतेजी सांगत व्हते, गयेच्या बोधिवृक्षाची फांदी लंकेत लावल्याली हाय, अनुराधपूरला. दोन हजार वर्सं झाली, अजून हिरवी हाय म्हणं. तिथं मला येकदा टेकव.”

कानाच्या ऑपरेशनमुळं डॉक्टरांनी आत्याला विमान बंद सांगितलेलं. म्हणून प्राचीनं जहाज शोधून काढलं. मुंबई ते कोलंबो एक टप्पा, कोलंबो ते चेन्नई दुसरा, आणि चेन्नईहून दौंडला थेट रेल्वे. सोळा तारखेला जहाज लंकेच्या पूर्व किनाऱ्यावर, त्रिंकोमालीला दिवसभर थांबणार होतं. तिथून कंपनीची बस अनुराधपूरला नेऊन संध्याकाळच्या आत परत आणते. बसला जागा तीसच. आपली आपण गाडी करून गेलं आणि उशीर झाला तर जहाज निघून जातं, कंपनीच्या बससाठी मात्र थांबतं. थोडक्यात, आत्याला झाड बघायचं असेल तर ती बसच हवी होती.

तिकिटं शिरूरच्या पोपटरावाकडून काढली. बसच्या तीन जागा आणि रोजच्या जेवणाची टेबलं प्राचीनं स्वतः साइटवर नोंदवली, एकेक तारीख तपासून. आत्याला दिवेलागणीच्या आत जेवायची सवय, म्हणून सगळी टेबलं सहाची. आत्याला याचंच हसू आलं होतं. “जेवायला म्हैनाभर आधी नंबर लावायचा? आन् त्या दिशी भूकच न्हाई लागली तर?”

साइट दोनपैकी कुठल्याही पासवर्डनं उघडायची, एक घरचा आणि एक एजंटचा. घरचा पासवर्ड प्राचीनं पप्पांच्या मोबाईलवर टाकून दिला होता, पण पप्पा व्हॉट्सॲपच्या पुढं जात नाहीत अशी तिची खात्री होती. आईचा तर मोबाईलशी संबंध बहिणींना फोन लावण्यापुरता. म्हणजे उरला पोपटराव. सहाची टेबलं आपल्या दुसऱ्या गिऱ्हाइकांना देत असणार. एजंट लोकांना काय अशक्य आहे?

पण नुसत्या शंकेवर कुणाला पकडायचं नाही, एवढं ती शिकली होती. तिनं प्रयोग केला. चौदा तारखेचं टेबल पुन्हा नोंदवलं, पण या वेळी सहाचं नाही, सव्वासहाचं. आणि पोपटरावाला फोन करून एवढंच कळवलं, “काका, चौदाचं टेबल सव्वासहाचं केलंय, लक्षात असू द्या.” घरी कुणालाच काही सांगितलं नाही. आता ते टेबल गेलं, तर ते ज्याला माहीत आहे त्यानंच घालवलं.

बुधवारी संध्याकाळी पप्पांचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ते हळूच म्हणाले, “त्या पोपटरावाचा काय फोन?”

“नाही. का हो?”

“सहज. काय ओरडला-बिरडला न्हाई ना?”

“ते कशाला ओरडतील?”

“मग ऱ्हाऊ दे. बघू.”

पप्पांनाही तो माणूस पसंत नाही, हे कळून प्राचीला बरंच वाटलं. दोघांचं एक मत म्हणजे शंकेत तथ्य.

गुरुवारी पहाटे चार अठ्ठावन्नला सव्वासहाचं टेबल गेलं.

प्राचीनं दोन्ही मेलचे कागद काढले, वेळांखाली रेघा मारल्या आणि रविवारी पोपटरावाला जाब विचारायचा ठरवला. एवढ्या दिवसांत तो आणखी एक चूक करील, पुरावा पक्का होईल, असा तिचा हिशेब. तिथंच ती चुकली. शनिवारी सुट्टी होती म्हणून ती उशिरा उठली आणि अंथरुणातच मेल बघितला. ‘आपल्या विनंतीनुसार सोळा जानेवारीची अनुराधपूर सहल, तीन जागा, रद्द.’ पाच वाजून तीन मिनिटं. तिनं घाईघाईनं साइट उघडली. अनुराधपूरच्या पुढं लिहिलं होतं, ‘सर्व जागा भरल्या.’ दोन हजार वर्षांचं झाड, आणि ते चार तासांत हातचं गेलं होतं.

पोपटरावाचं ऑफिस शिरूरच्या एसटी स्टँडजवळ. तिसऱ्या मेलचाही कागद काढून ती पोचली तेव्हा तो नुकताच शटर वर करून गणपतीला उदबत्ती लावत होता.

“काका, अनुराधपूरच्या आमच्या जागा कुणाला दिल्या?”

“आधी बसा तर खरं.”

“बसायला नाही आले.” तिनं तिन्ही कागद टेबलावर मांडले. “पहिल्यांदा टेबल. मग मी मुद्दाम सव्वासहाचं घेतलं, ते फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तेही गेलं. आणि आज बस.”

पोपटरावानं चष्मा लावला, कागद सावकाश वाचले आणि उदबत्तीची राख झटकावी तसा हात झटकला. “अगं ताई, तू तर माझा पंचनामाच करून आणलायस की! बरं, सव्वासहाचं मला सांगितलंस. पण लिहिलंस कुठं?”

“साइटवर.”

“आन् साइट तुमच्या घरच्या पासवर्डनं उघडली की कुणाला दिसत न्हाई?”

प्राचीच्या आत्ता लक्षात आलं. पहिल्या वर्षाच्या पोरानं करू नये अशी चूक. जी गोष्ट एकालाच माहीत आहे असं धरून ती चालली होती, ती तिनं स्वतःच सगळ्यांसमोर मांडून ठेवली होती.

“हे बघ,” त्यानं आपला कॉम्प्युटर तिच्याकडं वळवला. “मी काय केलं तर पुढं ‘एजंट’ पडतं. इथं तिन्हीला काय पडलंय?”

तिन्ही ओळींच्या पुढं ‘प्रवासी’ होतं.

“आन् ह्या वेळा तर बघ. पाचाच्या सुमाराला मी धारा काढून डेअरीच्या रांगेत हुबा असतो. विचार त्या डेअरीवाल्याला. तुमच्या घरात येवढ्या पहाटं कोण उठतं?”

चौतीस वर्षं पहाटेच्या गाड्यांवर चढलेला माणूस निवृत्त झाला तरी साडेचारला उठतो, आणि बायको उठेपर्यंत त्याला काही उद्योग नसतो.

“काका,” ती खालच्या आवाजात म्हणाली, “कंपनीला फोन करून बघाल? काही जागा मिळाल्या तर.”

“आलीस तवा मी चोर. आता काका.” पण त्यानं फोन जवळ ओढला. “जा तू घरी. लागला तपास तर कळवतो.”

दौंडची एसटी न्हावऱ्याला थांबली, चौफुल्याला थांबली, वरवंडला तर उसाच्या ट्रॉल्यांमागं वीस मिनिटं अडकली. सारा रस्ता प्राची कारण शोधत होती. पप्पांनी असं का करावं? आत्यासाठी जीव टाकणारा माणूस. चुकून हात लागला म्हणावं तर तीन वेळा कसा लागेल? की जायचंच नाही त्यांना? तब्येतीचं काही लपवताहेत?

घरी ताईबाई दोन दिवसांपूर्वीच बॅग भरायला म्हणून येऊन राहिली होती. ती लसूण सोलत बसली होती, सुरेखा भाकरी थापत होती आणि नागसेन खुर्चीत पेपर वाचत होते. प्राचीनं चप्पल काढता काढताच विचारलं, “पप्पा, सोळा तारखेची बस तुम्ही रद्द केलीत?”

नागसेन दचकले नाहीत. उलट त्यांचा चेहरा फुलला. “आला का बोंबलत? मला ठावं व्हतं!”

“कोण?”

“तो तुझा पोपटराव. सुरेखा, बघ, मी म्हणलो न्हवतो? बोगस माणूस हाय.” त्यांनी शर्टाच्या खिशातून चौघडी केलेला कागद काढला. तिकिटांची नक्कल. त्यावर लाल पेनानं गोल. “ही बघ चौदा तारीख. हा पहिला नंबर. त्यात आम्ही कोलंबोला उतरलो. हा दुसरा नंबर. त्यात त्याच दिवशी, त्याच जहाजात, त्याच खोलीत चढलो. उतरायचंच न्हाई तर चढायचं कुठनं? एका माणसाची एका दिवसाची दोन तिकिटं! चौतीस वर्षं हीच धंदेवाईक दलालं पकडली मी.”

“पप्पा, तो प्रवास दोन टप्प्यांचा आहे. टप्पा बदलला की नंबर बदलतो. चौदा तारीख दोन्हीत येणारच.”

“का बदलतो? आपल्या दौंडला गाडीचं इंजिन फिरतं, तोंड सोलापूरकडचं पुन्याकडं व्हतं. म्हणून पॅसेंजरचं तिकीट बदलतं का?”

“रेल्वेत नाही बदलत. जहाजात बदलतं. मला नाही का विचारायचं?”

“विचारून पकडतात व्हय कुणी? संशयाचं तिकीट असलं की आपण काय करायचो? खिशात ठेवून पुढं जायचो. खरा पॅसेंजर मागं मागं येतो, बोगस असला की त्याचा दलाल बोंबलत येतो. मी एक टेबल काढलं. म्हणलं, बघू कोण येतंय. तर कुणी ओरडलं न्हाई, पण दुसऱ्या दिवशी टेबल परत हजर! तेबी सहाचं सव्वासहा करून! म्हंजी आत बसून कुणीतरी फेरफार करतंय. पक्का झाला संशय. परत काढलं. मग म्हणलं, मोठं काढू, मग उठंल.”

“ते सव्वासहाचं मी केलं होतं.”

“तू? कशाला?”

“पोपटरावांना पकडायला.”

भाकरी थापायचा आवाज थांबला होता. सुरेखानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं आणि कपाळाला पीठ लागलेलाच हात मारला. “बाई गं. बाप चोर धरतोय, लेक चोर धरतीय, आन् चोर कुठंच न्हाई.”

“मोठं काढलं ते परत टाकू की,” नागसेन म्हणाले, पण आवाज उतरला होता. “आत्ता टाक.”

“जागा भरल्या, पप्पा. वाट बघणारे लोक असतात. तुम्ही सोडल्या आणि त्यांनी घेतल्या.”

नागसेननी लाल गोलाचा कागद घडीवर घडी घालत बोटाएवढा केला. लसणाची टोपली पुढ्यात घेऊन बसलेल्या बहिणीकडं बघायचं ते टाळत होते. प्राची सांगायला पुढं झाली, तेवढ्यात तेच उठून ताईबाईसमोर जमिनीवर बसले.

“आक्का, तुझं झाड माझ्या हातनं गेलं.”

“ऐकलं की. कान ऑपरेशन केल्यात, गेल्याले न्हाईत.” तिनं एक पाकळी सोलून टोपलीत टाकली. “नाग्या, ल्हानपणी बी तू असाच. परडीतल्या भाकरी मोजून जेवायला बसायचास. मी येक जास्त खाल्ली का काय म्हणून.”

“आक्का, तसं न्हाई गं.”

“तसंच. आन् ही पोरगी कुणावर गेली ते बी कळलं.”

तेवढ्यात प्राचीचा फोन वाजला. पोपटराव होता. तिनं स्पीकरवर टाकला.

“ताई, कंपनीशी बोललोय. एक जागा सुटलीय. एकच. पाचपर्यंत धरून ठेवतो म्हणाले. बाहत्तर वर्षांच्या बाईचं नाव देऊ का, का तुझ्या वडलांचं देऊ? का तुला आधी माझी साक्ष घ्यायचीय?”

नागसेननी मान खाली घातली. “आक्काचं द्या,” ते फोनकडं बघून म्हणाले. मग लगेच, “पण एकटी कशी जाशील आक्का? परका मुलूख, इंग्रजी गाईड. बस चुकली, कुणी फसवलं, कुणी पर्स—”

“आता गप ऱ्हा,” ताईबाई म्हणाली. “तळेगावच्या बाजाराला कोण यायचं माझ्यासंगं? कोथिंबिरीची जुडी इकायला कुठं इंग्रजी लागलं? बसमधी तीस माणसं हायती, ती जातील तिकडं मी जाईन. पोपटराव, द्या माझं नाव. ताईबाई. पूर्ण नाव ही पोरगी सांगंल, येवढं तरी नीट सांगंल.”

नाव दिलं गेलं. साइटवर एक जागा, सोळा तारीख, ताईबाई, असं उमटलं तसं प्राचीनं मोबाईल आत्याच्या तोंडासमोर धरला. आत्याला अक्षर जुळवून वाचता यायचं, पण इंग्रजी नाही. तिनं नावाच्या जागेवर बोट ठेवून “हे माझं?” असं विचारलं आणि मग मोबाईल सुरेखाच्या हातात दिला.

“सुरेखा, त्ये काय कुलूप असतंय न्हवं, त्ये बदल. आन् ह्या दोघांना सांगू नको.”

“आत्या, मला तरी हवा ना,” प्राची म्हणाली. “काही बदल झाला, काही तपासायचं झालं तर—”

“तपासायचंच न्हाई. तुम्ही दोघं लई हुशार. आता हात लावायचा न्हाई.”

सुरेखाला पासवर्ड बदलता येत नव्हता. पायरीपायरीनं प्राचीनंच सांगितलं, आणि नवा शब्द टाकायची वेळ आली तेव्हा आईनं पाठ फिरवली. दोघी नणंद-भावजया कुजबुजल्या. कुठला तरी शब्द दोनदा टाकला गेला. मग सुरेखानं तो कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला लिहिला, पान फाडलं, आणि ताईबाईनं ते घडी करून चंचीत घातलं.

जेवणं झाल्यावर नागसेन अंगणात खुर्ची टाकून बसले. प्राची शेजारी जाऊन उभी राहिली.

“जागा खरंच नोंदली असंल ना?” नागसेननी हळूच विचारलं. “त्या पोपटरावानं नुसतं दाखवायला—”

“पप्पा.”

“न्हाई, म्हणजे मेल आलाय का तुला?”

प्राचीनं मेल उघडला होता. जेवणाआधीही उघडला होता. कंपनीचा मेल अजून आलेला नव्हता. पोपटरावाच्या बाजूनं नोंद झाली की मेल त्याच्याकडं जात असेल, हे तिला पटत होतं, आणि तरी तिचा अंगठा पुन्हा पुन्हा खाली ओढून पान ताजं करत होता. आत, चंची उशाला घेऊन, आत्या घोरत होती.