न धुतलेले हात

बायकोने मला टोमॅटोच्या शेडमध्ये पाऊल टाकू दिलं ते सिगारेट सोडायच्या अटीवर. तंबाखूच्या हातांनी रोपांना रोग लागतो, तो कात्रीतूनही पसरतो, एका पानावर पिवळे चट्टे दिसले की अख्खी शेड उपटावी लागते, हे तिने मला शंभरदा ऐकवलं होतं. मी तिच्या गळ्याची शपथ घेतली होती.

आज दोनशे रोपं बी रुजवलेल्या स्पंजच्या वड्यांसकट कुंड्यांमधल्या भाजलेल्या मातीच्या गोळ्यांत बसवली. जिथे एका वडीत दोन कोंब होते, तिथला मरतुकडा कात्रीने छाटला. शेवटी घाम पुसायला रुमाल काढला, तर त्याच्याबरोबर सिगारेटचं पाकीट बाहेर पडलं. सकाळी चहानंतर एकच ओढली होती, आणि हात न धुताच कामाला लागलो होतो. गाढव नुसता!

पाकीट खिशात कोंबलं. तेवढ्यात ती आली.

"अगं बाई, किती सरळ रांगा! मी उगाच तुमच्यावर संशय घेत होते."

मी खिशावर हात दाबला.

"ती कात्री द्या इकडे," ती म्हणाली. "पलीकडच्या शेडमध्ये फळं धरली आहेत, तिथले फुटवे काढून येते."

पात्यांवर छाटलेल्या कोंबांचा हिरवा रस अजून ओला होता. मी कात्री तिला दिली.