तिघांचा मारिंबा

हासिंतोने सकाळीच मारिंबाच्या लाकडी पट्ट्या पुसून लख्ख केल्या होत्या. खालच्या भोपळ्यांना डुकराच्या आतड्याचा नवा पडदा मेणाने चिकटवला होता. पण वाजवायचं काय? त्याला खर्जाची बाजू तेवढी येत होती. गावची रीतच तशी. एकाच मारिंबापुढे तिघांनी शेजारी उभं राहायचं आणि लहानपणापासून प्रत्येकाने आपली एकच बाजू शिकायची. दुसऱ्याच्या बाजूला हात लावणं म्हणजे त्याच्या ताटात हात घालणं.

वरची चाल त्याचा भाऊ बाल्तासार वाजवी, मधला ठेका मातेओ. सरकारच्या सैन्याने गाव जाळलं त्या वर्षी दोघांनाही चर्चसमोर गोळ्या घातल्या, आणखी कितीतरी जणांबरोबर. हासिंतो डोंगरात पळाला म्हणून वाचला. इतक्या वर्षांनी खड्ड्यातून हाडं निघाली, ग्वातेमाला शहरात तपासून ओळख पटली आणि आज दुपारी गावाने सगळ्यांना फुलं वाहून आपल्या मातीत ठेवलं. आता नाच. घरी परतलेल्यांना गावची चाल ऐकवायची होती. हासिंतो ती आठवायला जाई आणि हात आपोआप खर्जाकडे वळत.

"आजोबा, मोबाइलवर लावू का काहीतरी?" बाल्तासारची नात तोमासा म्हणाली.

"लाव. आणि तुझ्या आजोबांना मोबाइलपुढेच नाचव!"

फणकाऱ्याने त्याने टिपऱ्या उचलल्या आणि नुसता खर्ज वाजवायला लागला. धुम्, धुम्. चुलीपाशी त्याची वहिनी फेलिसियाना भोपळ्याच्या पानांत मक्याचं पीठ वळत बसली होती. ती गुणगुणू लागली. खर्जावर नेमकी बसणारी, अथपासून इतिपर्यंत, तीच चाल.

हासिंतोचे हात थांबले. "वहिनी! हे कुठून आलं?"

"कुठून म्हणजे? तुमचे भाऊ रोज पहाटे माझ्या पाठीवर बोटांनी घाईघाईने ही चाल वाजवायचे. मी ओरडायचे, झोपू द्या की हो!"

"मग उठा. या इकडे."

"बाईने मारिंबाला हात लावायचा? सासूबाई थडग्यातून उठतील."

"उठू देत. नाचायला माणसं कमीच आहेत."

बायका खिदळल्या. फेलिसियानाने हात घागऱ्याला पुसले, टिपऱ्या घेतल्या आणि पहिलाच ठोका चुकीच्या पट्टीवर दिला. "गप्प बसा गं," ती स्वतःच हसत म्हणाली. डोळे मिटून तिने पुन्हा सुरुवात केली. आता चाल निघाली. भोपळ्यांतून ती जुनी गुणगुण घुमली आणि म्हातारी माणसं बाकांवरून उठली.

फक्त मधे भोक पडलं होतं. मातेओची जागा रिकामी. पोरांना ते आधी कळलं. त्यांनी तिथे टाळ्या भरल्या. हासिंतोने मान डोलावत त्यांना ठेका दाखवला, हळू, मग जरा जलद. दुसऱ्या फेरीला त्याने मातेओच्या टिपऱ्या तोमासापुढे धरल्या.

"मला नाही येत."

"मातेओलाही पहिल्या दिवशी येत नव्हतं. चुकत चुकत वाजव, बाळ. आजपासून ही बाजू तुझी."

ती चुकली, भरपूर चुकली. नाचणाऱ्यांपैकी कुणीही थांबलं नाही. उदबत्तीसारखा कोपालचा धूर त्यांच्या पायांतून चर्चकडे सरकत होता.

"भावजी," फेलिसियाना मान न वळवता म्हणाली, "घाई करताय. तुमच्या थोरल्या भावाचीच खोड तुम्हाला लागली की!"